माळा झकास, पण वही माळ्यावर जात नाही

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या मोठा ऐवज ठेवायच्या सोयीला पाचपैकी चार तारे. पाचवा कापलाय तो एका वाक्यासाठी: ‘रो इज टू बिग: साइझ ८१६८, मॅक्झिमम साइझ ८१६०’. म्हणजे ओळ (रो) फार मोठी झाली. कुठली ओळ, कुठल्या टेबलातली, काही पत्ता नाही. जानेवारीतली रात्र, पावणेबारा वाजलेले, अंबड एमआयडीसीतलं ऑफिस, स्वेटरवर शाल. सकाळी सातला पॅकहाऊस उघडणार आणि त्याआधी नव्या चाळीस बागाईतदारांची खाती सुरू व्हायला हवी होती. त्या एका वाक्यानं माझ्या दोन रात्री खाल्ल्या. बाकी मालाबद्दल तक्रार नाही, कौतुकच आहे, म्हणून चार.

मी कोण ते आधी सांगते. नाशिकच्या एका द्राक्ष निर्यात करणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं डेटाबेस सांभाळते. पगारपत्रकावर ‘संगणक विभाग’ असं लिहिलेलं असतं आणि त्या विभागात मी आणि एक प्रिंटर एवढेच आहोत. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यातले बागाईतदार आमच्याशी जोडलेले. ऑक्टोबर छाटणीची तारीख, फवारण्या, रेसिड्यूचा (फळात उरलेल्या औषधांच्या अंशाचा) अहवाल, पॅकहाऊसला उतरलेली कॅरेट, प्रतवारी, सगळं पोस्टग्रेसमध्ये. फुकट आहे म्हणून घेतलं होतं, खोटं कशाला बोलू. मालकांनी ‘परवान्याचे पैसे नाहीत’ एवढं ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही.

अख्ख्या पोस्टग्रेसचं परीक्षण करायला मी बसलेली नाही. त्यातल्या एकाच सोयीबद्दल लिहितेय: मोठा ऐवज तो कुठे आणि कसा ठेवतो. त्यातही तुमच्या-माझ्या टेबलांतला नाही, तर त्याच्या स्वतःच्या घरातला, म्हणजे सिस्टिम कॅटलॉगमधला. कुठली टेबलं आहेत, त्यांचे कॉलम कोणते, कुणाला काय बघायची परवानगी आहे, हे सगळं डेटाबेस स्वतःच्याच काही टेबलांत लिहून ठेवतो. त्यांच्याकडे आपलं लक्ष जातं ते अडल्यावरच.

माझ्या सासूबाईंचा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ, वाडा होता. स्वयंपाकघर एवढंसं. रोजची भांडी फडताळात. पन्नास पानांची पातेली, मोठी परात, घंगाळ, हे सगळं माळ्यावर. आणि फडताळात त्यांच्या जागी छोट्या चिठ्ठ्या: ‘घंगाळ, माळा, खिडकीकडून तिसरं’. पोस्टग्रेस हेच करतो. त्याचं फडताळ म्हणजे आठ केबीचं एक पान. एक ओळ दोन पानांत अर्धी-अर्धी ठेवता येत नाही, हा तिथला मूळ नियम. मग ओळ साधारण दोन केबीच्या पुढे गेली की तो आधी तिच्यातली मोठी किंमत, म्हणजे एखाद्या रकान्यातला मोठा ऐवज, दाबून बारीक करतो. तरी मावली नाही तर तिचे दोन केबीपेक्षा जरा लहान असे तुकडे पाडतो, एका वेगळ्या टेबलात टाकतो, आणि मूळ जागी अठरा बाइटांची चिठ्ठी ठेवतो. ते वेगळं टेबल म्हणजे माळा. त्यात तीनच कॉलम: कुठल्या किमतीचा तुकडा, कितवा तुकडा आणि प्रत्यक्ष तुकडा. एका पानात असे चार तुकडे बसतात. एका किमतीला कमाल मर्यादा एक जीबी.

या सोयीचं नाव टोस्ट. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव आहे, आणि दस्तऐवजात तिला कापून मिळणाऱ्या ब्रेडनंतरची सगळ्यात भारी गोष्ट म्हटलंय. बाजरीची भाकरी खाणाऱ्या माणसाला तो विनोद जरा उशिरा कळतो. ही सोय २००१ च्या ७.१ आवृत्तीपासून आहे, यान वीक यांनी केलेली. त्याआधी अख्खी ओळ आठ केबीत बसवा नाहीतर राहू द्या, असा मामला होता.

आमच्या टेबलांसाठी या माळ्यानं आजवर एकदाही त्रास दिलेला नाही. रेसिड्यूचे चाळीस पानी अहवाल त्यात पडून आहेत, मागितले की येतात, शोधताना मध्ये येत नाहीत. या भागाला सहावा ताराही दिला असता.

कॅटलॉगची गोष्ट वेगळी, आणि तिथं माझा अनुभव आवृत्तीगणिक बदलत गेलाय.

पहिला फटका पोस्टग्रेसच्या ११ आवृत्तीवर असताना. पॅकहाऊसच्या पर्यवेक्षकांना ठरावीक प्लॉटच दिसावेत म्हणून एक पॉलिसी लिहिली होती, ओळीच्या पातळीवरची. अट साधी: प्लॉटचा कोड या यादीत असेल तर दाखव. यादीत सातशेच्या वर कोड. मला वाटलं, सातशे कोड, प्रत्येकी आठ अक्षरं, सहा केबी सुद्धा नाही. पण पोस्टग्रेस अट आपण लिहिली तशी ठेवत नाही. ती उलगडून, प्रत्येक कोडची जातकुळी, लांबी, एकेक बाइटचा आकडा असं सविस्तर वर्णन करून ठेवतो. आठ अक्षरांच्या एका कोडमागे दोनशेच्या घरात अक्षरं जातात. दाबूनसुद्धा ते आठ केबीत बसेना, आणि पॉलिसी ठेवायच्या कॅटलॉग टेबलाला ११ मध्ये माळाच नव्हता. काही मोजक्या कॅटलॉगांना होता: फंक्शन, व्ह्यूचे (नाव देऊन साठवलेल्या प्रश्नांचे, म्हणजे क्वेरींचे) नियम, कॉलमचे डिफॉल्ट, आकडेवारी. ज्याला लागेल असं वाटलं त्याला दिला, असं धोरण. पॉलिसीला लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

तेव्हा मी पॉलिसीचे तीन तुकडे केले. साध्या पॉलिसी एकापेक्षा जास्त असल्या की त्यांच्यात ‘किंवा’ लागतं, त्यामुळे काम भागलं. दिसायला मात्र ते फार ओंगळ दिसायचं.

१२ मध्ये धोरण उलटं केलं. कुणाला माळा द्यायचा याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच द्या, अपवाद मोजके ठेवा. २०२० च्या पावसाळ्यात घरून १२ वर चढवलं आणि पहिली गोष्ट ही केली की त्या तीन पॉलिसी मोडून परत एक केली. गेली. काही न बोलता गेली. चांगल्या नळकामाचं जसं असतं, गळत नाही म्हणूनच लक्षात येत नाही, तसं. पुढे शहाणपण आलं तेव्हा कोडची यादी एका छोट्या टेबलात टाकली आणि पॉलिसीत त्या टेबलाकडे बोट दाखवलं. पण तो माझा दोष होता, मालाचा नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी इथं थोडं थांबते, कारण हे आपल्यालाच जास्त लागतं. मी टेबलांवर आणि कॉलमांवर शेरे मराठीत लिहिते. माझ्यानंतर जो कोणी येईल त्याला ‘गोडी छाटणी’ आणि ‘खरड छाटणी’ यांतला फरक कळावा, म्हणून चांगले ऐसपैस लिहिते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. ‘द्राक्ष’ हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा, पण आत सात चिन्हं, एकवीस बाइट. म्हणजे दोन केबीची रेघ इंग्रजीवाल्याला दोन हजार अक्षरांवर लागते, आपल्याला पावणेसातशे चिन्हांवर. शेरे ज्या कॅटलॉगमध्ये जातात त्याला माळा आहे, त्यामुळे माझे दीड-दोन पानी शेरेसुद्धा मुकाट्यानं बसलेत.

नावांचं तसं नाही. टेबलाचं नाव त्रेसष्ट बाइटांत बसायला हवं, आणि ही जागा ठरीव मापाची आहे, तिला माळा नसतोच. त्रेसष्ट भागिले तीन, एकवीस चिन्हं. ‘द्राक्ष’ बरोब्बर तीनदा. हौसेनं मी एकदा ‘निर्यातयोग्य_द्राक्ष_प्लॉट_नोंदी’ असं टेबल केलं. त्यानं एक सूचना दाखवून नाव ‘निर्यातयोग्य_द्राक्ष_प’ असं छाटलं. सूचना मी वाचली नाही, कोण वाचतं. महिन्यानं ‘निर्यातयोग्य_द्राक्ष_परवाने’ करायला गेले तर म्हणे हे टेबल आधीच आहे. त्या दिवसापासून नावं छोटी, शेरे मोठे.

आता ती जानेवारीची रात्र. तेव्हा आम्ही १५ वर होतो.

आमची मूळ मांडणी एका सॉफ्टवेअर कंपनीनं करून दिली होती. त्यांच्या मांडणीत प्रत्येक बागाईतदार म्हणजे डेटाबेसचा एक रोल, म्हणजे एक खातं. नवा माणूस आला की त्याचा रोल तयार करायचा आणि बारा टेबलांवर त्याला एकेक करून ग्रँट, म्हणजे हक्क, द्यायचं. पन्नास बागाईतदार असताना हे छान दिसलं असणार. आमचे दोन हजारांवर गेले होते.

त्या रात्री ग्रँट दिलं आणि ते वाक्य आलं. प्लॉटच्या टेबलावरचं ग्रँट होतं, म्हणून मी समजले की प्लॉटच्या टेबलात कुणीतरी भलंमोठं काहीतरी भरलंय. सगळ्यात लांब ओळ शोधली. सहाशे बाइट. शेऱ्यांचा कॉलम तपासला, कुणीतरी तिथं अख्खं गाऱ्हाणं लिहिलं होतं, पण तेही किरकोळ. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला आदेश द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, त्रुटी सविस्तर दाखवायला लावल्या. त्रुटीचा क्रमांक ५४०००, म्हणजे ‘मर्यादा ओलांडली’, आणि सी भाषेतल्या ज्या फंक्शनमध्ये अडलं त्याचं नाव. टेबलाचं नाव तरीही नाही. माझं सगळं गाऱ्हाणं एवढंच आहे. ओळ मोठी झाली, मर्यादा किती, आकार किती, हे सगळं ज्याला माहीत आहे त्याला ती कुठल्या टेबलाची हे माहीत नसतं का?

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी चहाच्या वेळी आमच्या हिशेबनीस काकांना सांगत होते. काका बासष्ट वर्षांचे, संगणकाशी त्यांचा संबंध टॅलीपुरता. त्यांनी विचारलं, ‘ताई, तुम्ही शेतकऱ्याचा माल चढवताय की नाव?’

म्हटलं, ‘नाव. फक्त परवानगीचं नाव.’

‘मग मालाच्या पोत्यांत काय शोधताय? नावं ज्या वहीत चढवता ती भरली असेल.’

तेच होतं. ग्रँट दिल्यावर प्लॉटच्या टेबलातली एकही ओळ हलत नाही. हलते ती पीजी-क्लास या कॅटलॉगमधली ओळ. तिथं प्रत्येक टेबलामागे एक ओळ असते आणि त्या ओळीत रेलएसीएल नावाचा एक कॉलम: या टेबलावर कुणाला, कुणी, कोणकोणते हक्क दिले, याची यादी. एका माणसामागे १५ पर्यंत बारा बाइट, १६ पासून सोळा. आमच्या दोन हजारांहून जास्त माणसांची नावं एकाच ओळीतल्या एकाच रकान्यात. हिशेब केला तर बारा बाइटांप्रमाणे सहाशे ऐंशीच्या आतच गाडी थांबायला हवी होती. थांबली नाही, कारण माळा नसला तरी जागच्या जागी दाबणं चालू असतं, आणि नावांची यादी छान दाबली जाते: देणारा सगळीकडे तोच, हक्क तेच, घेणाऱ्याचा क्रमांक फक्त एकाने पुढे. तुमच्याकडे ही मर्यादा कुठे लागेल ते सांगता येणार नाही, ती त्या क्रमांकांच्या चेहऱ्यामोहऱ्यावर अवलंबून आहे. पीजी-कॉलम-साइझ हे फंक्शन रेलएसीएलवर चालवलं की दाबल्यानंतरचा आकार कळतो. आमचा आठ हजारांना टेकला होता.

मग मी चिडून विचारलं, म्हणजे स्वतःलाच विचारलं, ऑफिसात दुसरं कोण होतं: १२ मध्ये सगळ्यांना माळा दिला ना? मग पीजी-क्लासला का नाही?

इथं परत तिवंध्याचा वाडा. सासूबाईंकडे एक वहीही होती. माळ्यावर काय, कोठीत काय, कुणाकडे काय उसनं, माळ्याची शिडी सध्या कुठल्या शेजाऱ्याकडे, सगळं त्या वहीत. एका दिवाळीच्या साफसफाईत माझ्या नणंदेनं आवराआवरीच्या भरात ती वहीच माळ्यावर टाकली. मग शिडी हवी, तर शिडी कुणाकडे आहे ते वहीत. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, सगळं वर टाक, वही खाली ठेव.’

पीजी-क्लास ही ती वही. एखाद्या टेबलाचा माळा कुठला, हे पीजी-क्लासमधल्या त्याच्या ओळीत लिहिलेलं असतं. तो माळा स्वतःही एक टेबलच, म्हणून त्याचीही ओळ पीजी-क्लासमध्येच. त्याच्या तीन कॉलमांची माहिती पीजी-अ‍ॅट्रिब्यूट या कॅटलॉगमध्ये. म्हणजे पीजी-क्लासची ओळ जर माळ्यावर ठेवली, तर ती आणायला माळा उघडायचा, आणि माळा उघडायला पीजी-क्लास वाचायचा. म्हणून या दोघांना माळा दिलेला नाही. लार्ज ऑब्जेक्ट ठेवायच्या टेबलालाही नाही, पण त्याचं कारण निराळं आहे: पीजी-अपग्रेड, म्हणजे नव्या आवृत्तीवर चढवणारा प्रोग्रॅम, ते टेबल वापरकर्त्याचा माल समजून वागवतो.

हे समजल्यावर राग गेला. ही मर्यादा आळसापोटी ठेवलेली नाही, घराच्या बांधणीतूनच आलेली आहे. राग वळला तो मांडणी करून देणाऱ्यांकडे, आणि थोडा माझ्याकडे, कारण नऊ वर्षं मी तीच मांडणी न बघता रेटली होती. प्रत्येक ग्रँटला पीजी-क्लासमधली ती ओळ नव्यानं लिहिली जाते आणि जुनी प्रत व्हॅक्यूम (झाडलोट) होईपर्यंत तिथंच पडून राहते. दोन ग्रँट एकाच वेळी एकाच टेबलावर दिले तर ‘टपल कंकरंटली अपडेटेड’ (ओळ त्याच वेळी दुसऱ्यानं बदलली) म्हणून एक आपटतो. हे दोन्ही मी वर्षानुवर्षं पाहिलेलं. खुणा होत्या. मी दर वेळी परत चालवून बघायचे, चालायचं, विषय संपायचा.

त्या सकाळपुरता इलाज केला तो असा: ज्यांनी बाग मोडली किंवा दुसऱ्या कंपनीकडे गेले असे शंभरेक रोल शोधले, त्यांचे हक्क काढले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे चाळीस बसवले. सातच्या ठोक्याला नाही, साडेआठला. मोहाडीचे एक आजोबा फोनवर म्हणाले, ‘ताई, माझा प्लॉट दिसत नाही मोबाइलवर, बाग जागेवर आहे ना?’ बाग जागेवर होती.

खरा इलाज एप्रिलमध्ये, हंगाम उतरल्यावर. एक गट-रोल, ‘बागाईतदार’. बारा टेबलांचे हक्क फक्त त्याला. प्रत्येक माणूस त्या गटाचा सदस्य. सदस्यत्वं वेगळ्या कॅटलॉगमध्ये जातात आणि तिथं प्रत्येक सदस्यत्वाची स्वतंत्र छोटी ओळ असते, त्यामुळे दोन हजार असोत की वीस हजार, एकच ओळ फुगत नाही. आपलेच प्लॉट दिसावेत यासाठी पॉलिसी आहेच, सध्याचा रोल कोण ते बघून छोट्या टेबलातून प्लॉट काढते. जुने हक्क काढताना एक युक्ती: एकेकाचं रिव्होक करू नका. सगळी नावं जोडून एकच लांबलचक आदेश करा. दोन हजार वेळा ओळ लिहिण्याऐवजी टेबलामागे एकदाच लिहिली जाते. बारा टेबलांना बारा आदेश. चहा गार व्हायच्या आत झालं.

अजून एक गोष्ट, जी मला बरीच उशिरा कळली. कॅटलॉगच्या ओळी पोस्टग्रेसचं प्रत्येक कनेक्शन स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतं, आणि कॅशमध्ये ठेवताना माळ्यावरचा ऐवज खाली आणून ठेवतं. म्हणजे माळा मिळाला म्हणून कॅटलॉगमध्ये काहीही कोंबलं तर डिस्कवर दिसणार नाही, पण मेमरीत कनेक्शनगणिक त्याची प्रत पडेल. आमच्या सर्व्हरला सोळा जीबी रॅम आहे आणि हंगामात दोनशे कनेक्शन. इथं कंजूषपणा बरा.

२०२५ च्या सप्टेंबरात १८ आलं. दिवाळीच्या सुट्टीत चढवलं, सिंहस्थाच्या कामांनी नाशिकच्या द्वारका चौकापासून पुढे रस्ते उकरलेले, म्हणून दोन दिवस ऑफिसातच मुक्काम म्हटला तरी चालेल. पीजी-अपग्रेड आता आकडेवारीही सोबत नेतो, त्यामुळे चढवल्यानंतर पहिल्या सकाळी क्वेरी रेंगाळतात तो प्रकार झाला नाही. आणि या आवृत्तीत पीजी-इंडेक्सलाही, म्हणजे इंडेक्सांच्या (शोधसूचींच्या) नोंदी ठेवणाऱ्या कॅटलॉगलाही, माळा मिळाला. आधी तोही वहीवाल्यांच्या पंगतीत बसवला होता. माळ्याच्या स्वतःच्या इंडेक्सची नोंद नेहमी छोटीच असते, त्यात ना मोठी सूत्रं ना अटी, त्यामुळे माझ्या समजुतीप्रमाणे तिथं शिडीचा घोळ होतच नाही.

मला याचा उपयोग होता. निर्यातीसाठी नोंदलेल्या नऊशे प्लॉटांपुरताच एक अर्धवट इंडेक्स करायचा माझा जुना बेत, अटीत नऊशे कोड. हो, परत यादी. सवय जात नाही. १५ वर तो त्याच वाक्यावर आपटला होता. १८ वर झाला, एका झटक्यात. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. मग क्वेरी चालवून पाहिली तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) त्या इंडेक्सकडे ढुंकूनही बघेना. शंभरापेक्षा मोठी यादी असली की प्लॅनर ती फोडून बघत नाही, एकसंध दगड समजतो. क्वेरीत हुबेहूब तीच नऊशे कोडांची अट लिहिली तरच त्याला ओळख पटते. नऊशे कोड दर क्वेरीत कोण लिहिणार? इंडेक्स काढला, टेबलात एक खरं-खोटं कॉलम घातलं, अट ‘निर्यात खरं’ एवढीच. त्याचा आकार विचारू नका, सांगण्यासारखा नाही.

दुसऱ्या मालाशी तुलना मला पुरती करता येणार नाही. सातपूरला एका कारखान्यात माझी मैत्रीण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर आहे. तिच्याकडेही पान आठ केबीचंच, ओळीला ८०६० बाइटांची मर्यादा, आणि २००५ पासून ओळीत न मावणारे लांब कॉलम आपोआप बाहेर सरकवायची सोय. कॅटलॉगमध्ये अडल्याचं तिला आठवत नाही, पण ती म्हणते तिच्याकडे रोलच अकरा आहेत. मग कसं अडेल.

कुणी घ्यावं? ज्यांचे व्ह्यू लांब, फंक्शन लांब, पॉलिसी लांब, शेरे मराठी, त्यांनी बिनधास्त. पण किमान १२, आणि मोठ्या अटींचे इंडेक्स असतील तर थेट १८. ज्यांना प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र रोल आणि स्वतंत्र ग्रँट द्यायचंय त्यांनी कुठलीही आवृत्ती घेतली तरी गट-रोल आधी करा. कॉलमवर वेगवेगळे हक्क देणाऱ्यांनीही, कारण ते पीजी-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जातात आणि त्यालाही माळा नाही. ११ पासून चालू टेबलाला डिफॉल्टसह नवा कॉलम जोडला की ती डिफॉल्ट किंमतही तिथंच जाते, तेव्हा डिफॉल्ट म्हणून अख्खा करारनामा चिकटवू नका. आमच्याकडे एकानं चिकटवायचं ठरवलं होतं, वेळेत थांबवला.

दस्तऐवज इंग्रजीत आहेत पण सरळ भाषेत. टोस्टचं प्रकरण दोन-तीनदा वाचावं लागतं.

सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय. माळा नसलेल्या टेबलांची नावं आणि खाली तारखांचा तक्ता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यात मोठ्या रेलएसीएलचा आकार त्यात लिहिते. या महिन्यात प्लॉटच्या टेबलावर सात नोंदी, १३६ बाइट. हिशेबनीस काका अधूनमधून कपाट उघडून तो तक्ता बघून जातात, आणि एकदा त्यांनी लाल पेनानं तपासल्याची टिकही केली आहे.